हॉटस्पॉट ऑन कर ना!

"अरे मग हॉटस्पॉट ऑन कर ना!"

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. सांगणारा नेहमी आपल्यातलाच असतो. पुण्यात किंवा मुंबईत राहणारा, घरी फायबर, ऑफिसात फायबर, खिशात फाईव्ह-जी. त्याच्या दृष्टीने घराबाहेर लॅपटॉपवर नेट मिळणं हा प्रश्नच उरलेला नाही. फोन काढायचा, एक बटण दाबायचं, झालं. सार्वजनिक वाय-फाय? ते काय, जुन्या जमान्यातलं काहीतरी. सायबर कॅफेबरोबर गेलं ते.

मंडळी, आज या वाक्याशी भांडायचं ठरवलंय. कारण मला वाटतं, हे वाक्य चुकीचं तर आहेच, पण थोडं निर्लज्जसुद्धा आहे. आणि ते मीही कित्येक वेळा बोललोय, हे आधीच कबूल करतो.

आधी घडलं ते सांगतो. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. पण तोंडात बसलेलं नाव जायला वेळ लागतो, तेवढं समजून घ्या.) मावशीचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या बाजूला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मावसभावाच्या घरी कार्य होतं म्हणून गेलो होतो. शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा होतो न होतो, तोच ऑफिसचा फोन. खरं तर फोन लागलाच नाही, अंगणात जाऊन उभा राहिल्यावर सहा मिस्ड कॉलचे मेसेज एकदम आले. आदल्या दिवशी आम्ही सोडलेल्या रिलीजमध्ये घोळ झाला होता आणि तो भाग माझा होता.

लॅपटॉप बरोबर होता. (आपण लोक देवदर्शनालाही लॅपटॉप घेऊन जातो, त्यावर पुन्हा कधीतरी.) हॉटस्पॉट ऑन केला. घरात शून्य दांड्या, ओट्यावर एक, गोठ्याच्या मागे खडकावर दोन. खडकावर बसलो. व्हीपीएन जोडलं जायचं, दीड मिनिटात तुटायचं. तेवढ्यात पाऊस आला. मावशी दारातून ओरडत होती, "अरे भिजशील की रे, काय मेलं एवढं अडलंय?" शेवटी मावसभावाची मोटरसायकल काढली आणि राजूर गाठलं.

राजूरला बाजारपेठेत एक झेरॉक्सचं दुकान. आत फॉर्म भरून देतात, फोटो काढून देतात, लॅमिनेशन, रिचार्ज, सगळं. त्याच्याकडे फायबर होतं. मी भीतभीतच विचारलं, "भाऊ, तासभर वाय-फाय वापरू का? पैसे देतो." तो म्हणाला, "पैसे नको साहेब, तिकडं स्टुलावर बसा. पासवर्ड त्या कॅलेंडरवर लिहिलाय."

चाळीस मिनिटांत माझं काम झालं. उठणार तोच लक्षात आलं की दुकानातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसमोर सात-आठ पोरापोरींची रांग आहे. प्रवेशाचे फॉर्म. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. रांगेच्या टोकाला एक मुलगी आपल्या फोनवरच फॉर्म भरायची खटपट करत होती. दिवसाचा डेटा संपलेला, वर ती वेबसाईट फोनवर नीट उघडेना, 'पुढे' म्हणायचं बटण पडद्याच्या बाहेर. वडील बाहेर पायरीवर बसलेले, शेवटची गाडी चुकणार म्हणून दर पाच मिनिटांनी आत डोकावत होते. मी तिला म्हटलं, ये, यावर भर. वीस मिनिटांत फॉर्म झाला, कागद चढले, पावती निघाली. "थँक्यू दादा," म्हणाली आणि पळाली. वडिलांनी दुकानदाराला विचारलं, "किती झाले?" त्याने फक्त प्रिंटचे पैसे घेतले.

घरी परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माझं काम झालं ते माझ्या हॉटस्पॉटवर नाही. तिचंही नाही. दोघांचं काम झालं ते एका झेरॉक्सवाल्याच्या चांगुलपणावर. आणि चांगुलपणावर चालणाऱ्या गोष्टीला 'सोय' म्हणत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो.

हॉटस्पॉट हे काही वेगळं इंटरनेट नाही. तुमच्या फोनला टॉवरकडून जे मिळतं, तेच तो लॅपटॉपला वाटून देतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि टॉवरकडून काय मिळतं हे पॅकवर नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. अकोले तालुका म्हणजे सह्याद्रीची घडी. कळसूबाई १६४६ मीटर, खाली खोल दऱ्या, मध्ये वाड्या. रेडिओ लहरींना डोंगर ओलांडायचा सराव नसतो. जास्त डेटा वाहून नेणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी तर जाड भिंत आणि पत्र्याचं छप्पर पाहूनच मान टाकतात. बरं, हे फक्त माझं रडगाणं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे तेवढ्या गावांत ते नव्हतं, हे सरकारनेच मान्य केलं. आणि तेव्हा आपण ऑफिसात फाईव्ह-जीचा फोन कुठला घ्यावा यावर चर्चा करत होतो.

दुसरं म्हणजे टॉवर सगळ्यांचा असतो. शिर्डीला गर्दीच्या दिवशी, शिंगणापूरला शनी अमावास्येला किंवा मोहट्याला नवरात्रात गेलात तर फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. दांड्या सांगतात टॉवर ऐकू येतोय का. टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत. जमिनीतून आलेल्या फायबरवरचा राउटर हा भार हलका करतो. गर्दीच्या जागी वाय-फाय लावतात ते याचसाठी.

तिसरं, फोनचा पॅक फोनसाठी केलेला असतो. रोजचे दीड-दोन जीबी व्हिडिओ बघायला पुरतात, पण लॅपटॉपने एक अपडेट ओढलं की दुपारीच दिवस संपतो. मग जो वेग उरतो त्यात आजची वेबसाईट उघडणं म्हणजे चाळणीने विहीर उपसणं.

आणि चौथा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मोठा. 'हॉटस्पॉट ऑन कर' म्हणजे 'तुझं तू बघ'. रस्त्यावर दिवा नसेल तर 'टॉर्च ऑन कर' म्हणण्यासारखं. टॉर्च चांगलीच आहे, पण म्हणून नगरपालिकेने खांब काढून टाकावेत का?

आता याला उत्तर म्हणून मला एक जुनं उदाहरण ऐकवलं जातं, आणि ते खरंही आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रं उभारली गेली. 'वारणा वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी जाऊन पाहिलं, तर त्या कॉम्प्युटरवर मुख्यतः उसाचे हिशोब बघितले जात होते. त्यांनी प्रयोग म्हणून कॉम्प्युटरच्या जागी मोबाईलवरचे एसएमएस वापरून पाहिले आणि काम स्वस्तात झालं. "बघ! गावाला मोबाईल पुरतो," असं माझा एक मित्र हे सांगून मोठ्या विजयाने म्हणतो.

पुरतो ना. उसाची तोड किती टन झाली हे कळायला पुरतो. पण त्या मुलीचा फॉर्म? तिचा पुढचा प्रोजेक्ट रिपोर्ट? मोबाईलवर वाचता येतं, बघता येतं, पैसे पाठवता येतात. लिहिणं, जुळवणं, प्रोग्रॅम करणं, बारा कागद जोडून अर्ज करणं, ही बसून करायची कामं आहेत. ती आपण सगळे लॅपटॉपवर करतो आणि गावाला मात्र सांगतो की मोबाईल पुरतो. तुम्हाला पुरतो का? मग द्या उद्यापासून लॅपटॉप परत ऑफिसला :-)

२०२० च्या लॉकडाऊनमधली ती बातमी आठवते? सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावची, पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारी मुलगी. नेट मिळावं म्हणून डोंगरावर झोपडी बांधून ऐन पावसाळ्यात अभ्यास करत होती. आपण सगळ्यांनी तो फोटो फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, 'जिद्द!' मीही केला. जिद्द तिची होतीच, पण तो फोटो जिद्दीचा नव्हता, आपल्या नालायकीचा होता. कौतुक करायला खर्च येत नाही, म्हणून आपण ते सढळ हाताने करतो.

मग अडलं कुठे? तंत्रज्ञान नाही म्हणून? अजिबात नाही. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला भारतात २००५ पासून लायसन लागत नाही. राउटर दोन-तीन हजारांत मिळतो. अडलंय ते आपल्याच डोक्यातल्या तीन रोगांमुळे.

पहिला रोग उद्घाटनाचा. २००६ मध्ये पुणे वायरलेस करण्याची घोषणा झाली, इंटेलसारखी कंपनी सोबत होती. आज पुण्यात बसून त्या जाळ्यावर कोणी हा लेख वाचत असेल तर कळवा, माझ्याकडून मिसळ. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईत एकदम ५०० ठिकाणी सरकारी वाय-फाय सुरू झालं. एसटीच्या बसमध्येही वाय-फायचे डबे आले होते, पण त्यात इंटरनेट नव्हतंच, आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी होती. ज्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला आमच्या नगरहून पुण्याला धावली, त्या एसटीत वाय-फायचं स्टिकर बघून मी लॅपटॉप उघडला होता. शेवटी एक जुना सिनेमा बघत बसलो. आपल्याकडे राउटर लावायला निधी असतो, तो बंद पडल्यावर रीस्टार्ट करायला माणूस नसतो. नारळ एकदाच फोडायचा असतो, देखभाल रोज करावी लागते, आणि रोजच्या कामाचा फोटो पेपरात येत नाही.

दुसरा रोग भीतीचा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी अतिरेक्यांनी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सूचना काढल्या की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदली गेली पाहिजे. तेव्हापासून मोबाईलवर ओटीपी येतो आणि मग वाय-फाय चालू होतं. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पण आता गंमत बघा. जिथे मोबाईलला रेंज नाही, तिथेच वाय-फायची खरी गरज. आणि तिथे वाय-फाय सुरू करायला ओटीपी हवा, जो मोबाईलला रेंज असल्याशिवाय येत नाही! कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप. ओळख नोंदवायला माझा विरोध नाही. वाचनालयाचं कार्ड असतं, कॉलेजचं ओळखपत्र असतं. विद्यापीठांच्या एज्युरोम व्यवस्थेत एका संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेत वाय-फाय मिळतं, ओटीपीशिवाय. भारतात ते अर्नेट चालवतं. म्हणजे रस्ता आहे, तो सामान्य माणसासाठी उघडलेला नाही एवढंच.

तिसरा रोग धंद्याचा. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. कल्पना फार सुंदर आहे. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला, कोणीही आपल्या दुकानातून वाय-फाय विकू शकतो. लायसन नाही, नोंदणी नाही, फी नाही. पूर्वीच्या एसटीडी बूथसारखं. पाच-दहा रुपयांत तासभर नेट. पण त्या दुकानदाराला नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्याच्याकडे घरगुती कनेक्शनऐवजी महागड्या लीज्ड लाईनची अपेक्षा धरली. दहा रुपयांची कुपनं विकून तो ती फेडणार कशी? शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन या दुकानदारांना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. साडेचार वर्षं गेली एवढं ठरायला! २०१८ च्या धोरणात लिहिलं होतं की २०२० पर्यंत ५० लाख आणि २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रं होतील. पीएम-वाणीची केंद्रं अजून काही लाखांतच मोजावी लागतात.

मी राजूरच्या त्या भाऊला विचारलं होतं, "पैसे घेऊन का देत नाही वाय-फाय?" तो म्हणाला, "विकलं तर गुन्हा होतो म्हणतात साहेब." घरगुती कनेक्शन परस्पर विकणं चालत नाही हे बरोबर. पण रीतसर विकण्याची वाट २०२० पासून उघडी आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता नेहमीचे आक्षेप. "फुकट दिलं की पोरं रील बघत बसतील." बघतील. वाचनालयात लोक रहस्यकथाही वाचतात, म्हणून वाचनालय बंद करत नाही कोणी. वेग आणि मर्यादा ठरवता येते, ते अर्ध्या तासाचं काम आहे. "सार्वजनिक वाय-फाय धोक्याचं असतं." दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे मीही सांगायचो. आता बहुतेक साईट एचटीटीपीएसवर आहेत, वाटेतल्या माणसाला मजकूर दिसत नाही. खोट्या नावाच्या नेटवर्कपासून जपावं लागतं, हे खरं. पण ओटीपी फोनवर सांगून पैसे घालवणाऱ्यांच्या देशात वाय-फायलाच बदनाम करणं बरोबर नाही. "जिओनंतर गरजच संपली." सप्टेंबर २०१६ नंतर फोनवरचं नेट स्वस्त झालं, मान्य. गूगलनेही ४०० हून जास्त रेल्वे स्टेशनांवर दिलेली वाय-फायची योजना २०२० मध्ये हेच कारण देऊन आवरती घेतली. पण रेलटेलने स्टेशनांवरचं वाय-फाय चालू ठेवलं, पहिली ३० मिनिटं फुकट आणि पुढे कुपनावर. गरज संपली असती तर कुपन काढलं कशाला असतं? तिकडे केरळ सरकारने २०२३ मध्ये स्वतःचं फायबरचं जाळं सुरू केलं, आणि त्यांच्या सार्वजनिक वाय-फाय केंद्रांवर रोज १ जीबी मोफत देतात. ते काय वेडे आहेत?

मग काय करावं? माझं म्हणणं अगदी साधं आहे. नवी इमारत नको, नवी योजना नको, नवं ॲप तर मुळीच नको. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेली अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालयं आहेत. नगरचं जिल्हा वाचनालय तर १८३८ चं. छप्पर आहे, टेबल-खुर्ची आहे, नोंदवही आहे, सभासदाची ओळख माहीत असलेला ग्रंथपाल आहे. तालुक्याच्या गावापासून सुरुवात करा. एक फायबर कनेक्शन, एक राउटर, चार प्लग पॉइंट, वीज गेली तर टिकणारी एक बॅटरी. माझ्या पुण्याच्या घरी फायबरला महिना सहाशेच्या आसपास पडतात. ट्रायच्या आदेशाप्रमाणे दुप्पट धरा, बाराशे. वर्षाचे साडेचौदा हजार. एका सत्काराच्या शाली-श्रीफळं आणि फ्लेक्सचा खर्च काढून बघा, मग बोलू.

आणि हे फक्त सरकारने करावं असंही नाही. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या आसपास, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, त्या जिल्ह्याला एक राउटर चालवणं जड जावं? तेव्हा 'ज्याने त्याने आपापल्या गुऱ्हाळाचं बघावं' म्हणणारे असतीलच की. ते आज कोणाला आठवतात?

आपल्यापुरतं सांगायचं तर गावाकडे गेल्यावर तिथल्या झेरॉक्सवाल्याला पीएम-वाणीबद्दल दोन शब्द सांगा. आपण सेटअप करून देऊ शकतो, पोटापाण्याचा धंदाच आहे आपला. वाचनालयाचं एक वर्षाचं बिल तीन मित्रांनी वाटून घेतलं तर एकेकाला महिन्याला चारशे रुपये पडतात. विकेंडच्या एका कॉफीत जातात तेवढे.

मी काय केलं? पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या भाऊसोबत बसून माहिती काढली, अर्ज केला. अजून काम पूर्ण झालेलं नाही, एक कागद अडकलाय. दर रविवारी फोन करून विचारतो. तो हसून म्हणतो, "होईल साहेब, तोपर्यंत पासवर्ड कॅलेंडरवर आहेच."

कॅलेंडर बदलायच्या आत व्हावं, एवढीच इच्छा आहे. असो, उद्या सोमवार. पुन्हा कोणी "हॉटस्पॉट ऑन कर ना" म्हणालं, तर त्याला सरळ मावशीच्या गोठ्यामागच्या खडकावर नेऊन बसवणार आहे. पावसाळ्यात.